चित्राला मात्र तोड नाही!

...आणि वर मलाच विचारतात, "काय हो, नवा कॅमेरा कसा काय?" कसा काय म्हणजे? मजेत आहे! खातो, पितो, झोपतो! थट्टा नाही हो, खरंच खातो, चाळीस मिनिटांत एक बॅटरी फस्त, आणि फस्त केल्यावर निदान सांगावं तरी माणसाला, की बाबा रे, संपली, दुसरी वाढ... नाव नको! बोलता बोलता बंद! माझा जुना खांद्यावरचा कॅमेरा होता ना, तो बंद पडायच्या आधी टुंई टुंई करायचा, लाल दिवा लुकलुकवायचा, सभ्य पाहुण्यासारखा "येतो मी आता" म्हणून निरोप घ्यायचा. हा नाही. हा पानावरून उठून जातो! पण चित्र... तुम्हाला सांगतो, चित्राला मात्र तोड नाही!

सिनेमाचा कॅमेरा आहे हो हा. सिनेमाचा! आणि केवढा? तर एवढुस्सा. जाहिरातीत लिहिलं होतं, खिशात मावतो. मावतो ना, मी कुठं नाही म्हणतोय? कॅमेरा खिशात मावतो, आणि मग त्याच्या सहा बॅटऱ्या, दोन चार्जर, तीन भिंगं, भिंग कॅमेऱ्याला बसवायची कडी, ती कडी हलते म्हणून तिला आवळायचा स्क्रू, तो स्क्रू हरवतो म्हणून दुसरा स्क्रू, आणि उन्हात पडद्यावर काही दिसत नाही म्हणून लावायचं ते घोड्यासारखं झापड, हे सगळं मावायला दोन बॅगा आणि एक टॅक्सी! पहिल्याच लग्नात नवऱ्या मुलाचा काका आला माझ्याकडे, नाकावर चष्मा, हातात यादी, म्हणतो, "अहो, व्हिडिओवाले आले नाहीत का अजून?" म्हटलं, काका, मीच तो, मी एक तास झाला शूट करतोय. त्याने माझ्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत हाताकडे. आणि म्हणतो कसा, "बरं बरं, तो मोबाइल ठेवा खिशात, आणि कॅमेरा घेऊन या लवकर!" बावीस वर्षं हो! बावीस वर्षं लग्नं, वाढदिवस, शाळेची गॅदरिंगं, निरोप समारंभ... मोठा कॅमेरा खांद्यावर असला की लोक आपणहून बाजूला व्हायचे. आता मलाच बाजूला करतात, "सरका हो, व्हिडिओत याल!"

बरं, झापड लावायला विसरलो तर? उन्हात पडद्यावर नवरी दिसत नाही, मी दिसतो! मीच! दाढीचे पांढरे खुंट मोजून घ्यावेत इतका स्वच्छ. अख्खं लग्न मी स्वतःच्या तोंडाकडे बघत शूट केलंय. आणि घरी येऊन बघतो तर सगळं करडं. नवरी करडी, फुलं करडी, मांडव करडा. रंग नंतर आपण भरायचे असतात म्हणे. सिनेमावाले तसंच करतात म्हणे! नवरीच्या आईला वाटलं, मुलीच्या अंगातलं रक्तबिक्त आटलं की काय. पण मग बसलो, दोन दिवस बसून रंग भरले, आणि तुम्हाला सांगतो... साडीच्या काठाचा धागा न् धागा! कपाळावरचा घामाचा थेंब, थेंबात मांडवातला दिवा! मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. चित्राला मात्र तोड नाही, हे मी कोर्टात शपथेवर सांगेन.

आता तुम्ही म्हणाल, एवढी तक्रार आहे तर कटकट कशाला, टाक विकून. अहो, तेच तर सांगायला उभा राहिलोय ना मी इथं! नाही विकता येत. त्यात माझे बाबा आहेत.

आता बाबा म्हणजे... कसं सांगू? आमचे बाबा एकतीस वर्षं बसस्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी सुटण्यास तयार आहे! धावत्या गाडीत चढू नये!" असा आवाज, की तिकडे उपाहारगृहात कप हातात धरलेला माणूस कप ठेवून पळायचा, त्याची गाडी नसली तरी! आणि घरीसुद्धा तेच. आम्ही शाळेला उशीर केला की, "अंघोळीची गाडी वीस मिनिटं उशिरा धावत आहे." चहा वेळेवर आला नाही की, "स्वयंपाकघरातून येणारी गाडी वाटेत नादुरुस्त झाली आहे का?" आई आतून ओरडायची, "गाडी आलीय, प्रवाशानं उठून घ्यावी!" लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच बोलतात. शेजाऱ्यांकडे गेलो तर ते नुसतेच "चहा घे" म्हणायचे. मला ते फार मिळमिळीत वाटायचं.

तर त्या आवाजाला यंदा नजर लागली. आधी घसा बसला, मग घोगरा झाला, मग गिळताना दुखायला लागलं. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि आम्हाला आत बोलावलं. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. माणूस वाचेल, पण आवाज जाईल. कायमचा. गुरुवारी ऑपरेशन. आई नुसती पदराचं टोक चाळवत बसली. बाबा म्हणाले, "म्हणजे शेवटची गाडी बुधवारी सुटणार." डॉक्टरांना काही कळेना, हसावं का काय करावं.

आणि मला काय सुचावं? घरी येताना टॅक्सीत मला आठवलं, की बाबांचा आवाज कुठंच नाहीये! एकतीस वर्षं माइकवर बोलले, पण ते सगळं तेव्हाचं तेव्हा, हवेत गेलं. आता तिथं कॉम्प्युटरवरची बाई बोलते. फोनवर बाबा बोलायचे नाहीत, "समोर प्रवासी दिसल्याशिवाय मला बोलता येत नाही" म्हणायचे. म्हटलं, ताईच्या लग्नात भाषण केलं होतं की त्यांनी! दहा मिनिटं! लोक रडले होते! शूट कुणी केलं? मीच केलं! पळत घरी जाऊन लावलं... आणि बाबा उभे आहेत, हात हलतोय, ओठ हलतायत, लोक डोळे पुसतायत, आणि वर वाजतेय बासरी.

बासरी हो! मीच घातलेली! कारण लग्नाच्या व्हिडिओत आवाज ठेवतं कोण? भांड्यांचे आवाज, पोरांची रडारड, "जेवायला चला, जेवायला चला"... आवाज काढायचा, वर गाणं टाकायचं. बावीस वर्षं हेच केलं मी. बावीस वर्षांत मी एकाही माणसाचं बोलणं ऐकलेलं नाही, नुसती तोंडं बघितलीयत! मूळ टेप? त्या टेपवर दुसऱ्या आठवड्यात कुणाचा तरी पहिला वाढदिवस शूट केला.

म्हणून ठरवलं, रविवारी बाबांना समोर बसवायचं आणि सगळं बोलून घ्यायचं. लहानपणापासून सगळं. आई म्हणाली, "फोनवर घे ना रे. दोन मिनिटांचं काम. आत्ता घे, आवाज अजून बरा आहे त्यांचा." फोनवर! मला राग आला. म्हटलं, आई, मी काय हौशी माणूस आहे का? बाबांचा शेवटचा आवाज, तो मी फोनवर घेऊ? घरात सिनेमाचा कॅमेरा असताना? आई म्हणाली, "मला आपलं वाटलं." आईला नेहमी आपलं वाटतं. आणि आम्हाला नेहमी ते नंतर पटतं.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण माझा घात इथं आहे. शनिवारी मी कॅमेरा तपासायला बसलो. आणि नवा कॅमेरा हातात आल्यावर आमच्या धंद्यातला माणूस काय करतो? हळू करून बघतो! स्लो मोशन! जगात कुठंही जा, नवा कॅमेरावाला पहिल्यांदा नळ सोडतो आणि पाणी हळू करून बघतो. मीही बघितलं. नळाचं पाणी बघितलं, आई चादर झटकत होती ते बघितलं, शेजारच्यांचा कुत्रा कान फडफडवत होता तो बघितला. अहो, काय सांगू! कुत्रा असा कान हलवतोय जसा काही राजा चवऱ्या ढाळून घेतोय! त्याचं गणित साधं असतं, एका सेकंदात साठ चित्रं काढायची आणि दाखवताना सेकंदाला पंचवीसच दाखवायची, की सगळं संथ. मी खूश झालो. कॅमेरा बंद केला. आणि तो साठावरून पंचवीसवर आणायचा राहिला.

रविवारी सकाळी बाबांनी दाढी केली, बसस्टँडचा जुना खाकी कोट घातला. खिडकीशी बसवलं. कॉलरला छोटा माइक लावला, चांगला वेगळा आणलेला, त्याचा हिरवा दिवा चालू. आई बाजूला मटार सोलत बसली. आणि बाबा बोलायला लागले... घोगरा होता हो आवाज, पण होता. तोच होता. दोन तास बोलले. मधेमधे मी, "थांबा बाबा, बॅटरी." परत सुरू. "थांबा बाबा, कार्ड भरलं." बाबा चिडले, "अरे, ही काय गाडी आहे का खटारा? दर मैलाला थांबते!" कार्ड खरंच भराभर भरत होतं, नेहमीच्या दुप्पट वेगानं... तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला नको? नाही पडला. मी म्हटलं, आहेच मेला खादाड! पडद्याच्या कोपऱ्यात साठचा आकडा दिसत होता. मी म्हटलं, बॅटरी साठ टक्के. बॅटरी बदलली, तरी साठ. तिसरी घातली, तरी साठ! मी म्हटलं, ह्याचा काटा बिघडलाय, बाकी सगळ्यासारखा. आणि आवाज येतोय का नाही हे दाखवणारी एक पट्टी असते बघा, हिरवी, वरखाली होणारी, ती ह्या कॅमेऱ्यात दिलेलीच नाही! पुढं कधीतरी देणार आहेत म्हणे. हेडफोन लावून ऐकायचं तर... सांगितलं ना, बावीस वर्षं. हेडफोन बॅगेत तळाशी, अजून प्लास्टिकमध्ये.

आणि त्या दिवशी बाबांनी काय सांगितलं ठाऊक आहे? जे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं ते. म्हणाले, "एकतीस वर्षांत मी एकच गाडी मुद्दाम उशिरा सोडली. फलाट चार. एक मुलगी रोज धावत यायची, एका हातात डबा, दुसऱ्या हातात चप्पल. त्या दिवशी ती दिसेना. गाडी भरलेली, ड्रायव्हर हॉर्न देतोय, आणि मी माइक हातात धरून बसलो. पुकारलंच नाही. चार मिनिटं." आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. चाळीस वर्षं संसार केला, तिला हे माहीत नव्हतं! तिला वाटायचं, त्या दिवशी तिचं नशीब चांगलं होतं. आणि त्या वेळी बाबांचा चेहरा... मी पडद्यावर बघत होतो, डोळ्यांच्या कडा, पापण्या, कोटाचं तुटलेलं बटण... मी मनात म्हटलं, वसूल! चित्राला तोड नाही!

गुरुवारी ऑपरेशन झालं. नीट झालं, देवाची कृपा. मी आठ दिवस दवाखान्यात. कार्डातलं कॉम्प्युटरवर उतरवायला लावलं तर कॉम्प्युटरची दातखीळ बसली, एवढ्या मोठ्या फायली, उतरायलाच दोन दिवस. नवव्या दिवशी, आम्हा नव्या गिऱ्हाइकांचा इंटरनेटवर एक गट आहे, तिथं निरोप, "तुमचं पहिलं मत टाका, एखादा नमुना टाका." म्हटलं, टाकू, बाबांचा चेहरा टाकू, बघू दे जगाला. फाइल उघडली.

बाबा हळूऽऽऽ पापणी मिटतायत. हळूऽऽऽ तोंड उघडतायत. मी आवाज वाढवला. अजून वाढवला. स्पीकरची वायर काढून परत खोचली. शेजारची खिडकी उघडून बघितली, आपलेच कान गेले की काय. कुत्रा भुंकत होता, तो ऐकू आला! गटावर लिहिलं, मदत करा, आवाज येत नाही. तिथं एक जण आहे, त्याला सगळे पिक्सेलमास्तर म्हणतात, कुणी शिंकलं तरी त्याला पान नंबर माहीत. एका मिनिटात उत्तर. "पुस्तिका, पान एकसष्ट. संथ चित्रणात आवाज नोंदवला जात नाही. कृपया विचारण्यापूर्वी वाचत जा." खाली एक हसरा चेहरा.

दोन तासांचे पाच तास झाले होते. पाच तास बाबा बोलतायत, संथ, आणि एक अक्षर नाही. मी रडलो हो. सरळ सांगतो, लाज कसली, कीबोर्डवर डोकं ठेवून रडलो. चार दिवस होते माझ्याकडे, रविवार ते बुधवार! नुसतं एकदा लावून ऐकलं असतं तर परत घेता आलं असतं. फोनवर घेता आलं असतं. पण मी काय बघितलं? चित्र बघितलं!

बाबा घरी आले. गळ्याला पट्टी, हातात वही आणि पेन. आणि आई रोज, "लाव ना रे ते. ह्यांचा आवाज ऐकू दे एकदा. घर कसं सुनं वाटतं." मी म्हणायचो, रंग भरतोय आई. चार दिवस रंग भरले. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "इंद्रधनुष्य करतोयस का?" मग मात्र इलाज उरला नाही. टीव्हीला जोडलं, दोघांच्या समोर उभा राहिलो आणि सांगून टाकलं. आवाज नाहीये म्हणून. माझी चूक म्हणून. बाबांनी वहीत लिहिलं, "लाव."

लावलं. एवढ्या मोठ्या पडद्यावर बाबा, खिडकीचा उजेड, खाकी कोट. हळू हात वर येतोय. मला वाटलं, आता इथून पळून जावं. आणि एकदम आई बोलायला लागली. टीव्हीकडे बघत! "हे इथं... हे इथं म्हणाले ते, की माझे वडील मला घेऊन बसस्टँडवर आले आणि साहेबांना म्हणाले, ह्याला ओरडायची सवय आहे, कुठं उपयोग होतोय का बघा." शब्द न् शब्द हो! मटार सोलत ऐकलेलं सगळं तिला पाठ! आणि बाबांसारखं म्हणून दाखवायला लागली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!" चाळीस वर्षं जिला मधे बोलायला मिळालं नाही, ती सुटली म्हणजे सुटली! आणि चित्र असं संथ, की तिला मधे स्वतःचं घालायला भरपूर वेळ! "आणि हे इथं म्हणाले, चार मिनिटं गाडी थांबवली. चार कसली? अकरा मिनिटं! मी घड्याळ बघत धावत होते, मला विचारा!"

पलंगाच्या कठड्यावर टक टक टक! बाबा पेन आपटतायत! वहीत लिहिलं, "चार."

"अकरा!"

टक टक! पान उलटलं, अख्ख्या पानभर, एवढा मोठा आकडा, "४". खाली दोन रेघा मारल्या.

"अहो, तुमचं लक्ष घड्याळाकडे होतं का? फाटकाकडे होतं!"

आणि बाबा हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, हे! हे घ्यायला हवं! पळत आत गेलो, कॅमेरा आणला, आणि ह्या खेपेला सगळं केलं, शपथ, साठाचं पंचवीस केलं, हेडफोनचं प्लास्टिक दातानं फाडलं, कानाला लावला, माइक लावला, आणि बटण दाबलं...

बॅटरी! सहाच्या सहा! मेल्यांनी एकजात राजीनामा दिलेला!

मी तसाच उभा, कानात हेडफोन, हातात सिनेमाचा कॅमेरा. पलंगावरून टक टक. बघतो तर बाबांनी वही माझ्यासमोर धरलेली. "फोनवर घे, गाढवा."

घेतलं. फोनवर घेतलं. सत्तावीस मिनिटं. आता रोज ऐकतो मी ते. काय आवाज आलाय, तुम्हाला सांगतो! आईचं "अकरा" ऐकू येतं, बाबांचं टक टक ऐकू येतं, वहीचं पान उलटलेलं ऐकू येतं, शेजारचा कुत्रासुद्धा येतो मधेच. आवाजाला तोड नाही! चित्राचं मात्र काही विचारू नका... सत्तावीस मिनिटं नुसता माझा अंगठा आहे.